चेक लाईट लागला? आधी वायर बघा, मग सेन्सर

धुळ्याहून जळगावला निघालेली डिझेल गाडी पारोळा ओलांडते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पिकअप जातो, टर्बोची ओढ संपते, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही. एरंडोल, पाळधी करत, बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून गाडी कशीबशी गॅरेजात पोचते. मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर सेन्सरचा कोड येतो आणि निदान तिथेच संपतं: सेन्सर गेला, नवीन टाकू.

असं होतं तेव्हा पाकीट काढण्याआधी थोडं थांबा. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच मेला, असं नाही. तो कोड सेन्सर, त्याची वायर, कपलर आणि गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, या सगळ्या साखळीबद्दल बोलत असतो. साखळीची नेमकी कुठली कडी तुटली, हे मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढ्यावर घरच्या अंगणात ठरवता येतं. वायर किंवा कपलरचा दोष असेल तर दुरुस्तीही घरी होते. सेन्सरच्या आतला भाग मेला असेल तर तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. कुणी तो खोलून दुरुस्त करून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. धातूच्या नळीत बंद केलेला प्लॅटिनमचा किंवा सिरॅमिकचा बारीक तुकडा असतो तो, उघडला की संपला.

हा सेन्सर गाडीत आहे तरी कशाला, ते आधी समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती साडेचारवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. हे गाठायला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसवली गेली. डिझेलची काजळी या गाळणीत अडकते. ती साचत गेली की ईसीयू जादा डिझेल सोडून धुराचं तापमान साधारण ५५० ते ६५० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. आता एवढी उष्णता मुद्दाम पेटवायची तर ती किती झाली हे कुणीतरी सांगत राहायला हवं. ते काम या सेन्सरचं. एक टर्बोच्या आधी, एक गाळणीच्या तोंडाशी, एक तिच्या मागे आणि युरियाचं द्रावण लागणाऱ्या गाडीत आणखी एखादा, अशी त्यांची मांडणी असते. मॉडेलनुसार संख्या आणि जागा बदलते.

सेन्सर आंधळा झाला की ईसीयू रिजनरेशन सुरू करायला धजावत नाही. हे त्याचं शहाणपण आहे, कारण तापमान कळत नसताना जाळ केला तर गाळणी वितळू शकते. पण काजळी तर साचतच राहते. म्हणून ‘चालतेय ना गाडी, बघू दिवाळीनंतर’ ही चालढकल इथे महागात पडते. काही हजारांच्या सेन्सरपायी, किंवा नुसत्या कुरतडलेल्या वायरीपायी, गाळणीचा अख्खा डबा तुंबतो आणि तो बदलायचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो.

आपल्याकडच्या उन्हाने सेन्सर जातात, असं बरेच जण मानतात. तसं नाही. जो भाग आठ-नऊशे अंश सोसायला बनवला आहे त्याला भुसावळच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांचं काही वाटत नाही. त्रास होतो तो त्याच्या सोबत्यांना. प्लॅस्टिकचा कपलर वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतो, त्याची कडी मोडते आणि खड्ड्यात गाडी आदळली की पिन सैल होतात. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती गाडीखाली थापली जाते, कपलरच्या फटीत शिरते आणि वाळली की दगडासारखी बसते. तिच्यासोबत ओल आत राहते, पिना हिरव्या पडतात. गाडी गरम असतानाच प्रेशरच्या पाण्याने खालून धुणं हेही वाईट. तापलेल्या सेन्सरवर गार पाणी पडलं तर तो आतून तडकू शकतो आणि पाणी कपलरात जातं ते वेगळंच. आणि उंदीर! घरात कापूस साठवलेला असतो, शेजारी धान्याच्या गोण्या, आणि त्याच शेडमध्ये गाडी चार-चार दिवस उभी. थंडीच्या दिवसांत इंजिनाच्या उबेला उंदीर येतो आणि वायर कुरतडतो. अशा घरी सेन्सरवर संशय घेण्याआधी बॅटरी हातात घेऊन वायरिंग बघावं, हे मी आग्रहाने सांगेन.

पण त्याआधी सुरक्षेचं बोलू. गाडी बंद करून निदान तीन-चार तास झाल्याशिवाय सायलेन्सरच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. रिजनरेशन नुकतंच झालं असेल तर तो भाग दिसायला काळाच दिसतो, पण कातडी सोलून काढतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेत आणि चाकांना दगड. विटांचा टेकू तर नकोच, भार आला की वीट फुटते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. सेन्सर वरून, बॉनेट उघडून दिसत असेल तरच घरी हात घाला. खालच्या बाजूला असेल तर रॅम्प असलेल्या गॅरेजात जा, पण खालच्या तपासण्या समजून घेऊन जा. आणि गाडीची वॉरंटी शिल्लक असेल तर काहीच उघडू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

पहिली तपासणी हात काळे न करता होते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा डोंगल बाजारात मिळतो, मोबाइलवर ॲप घेतलं की कोड दिसतो. साधी ॲप्स प्रत्येक गाडीचं धुराचं तापमान दाखवतातच असं नाही. त्यामुळे आपल्या कंपनीच्या गाड्यांना चालणारं ॲप बघून घ्यावं, नाहीतर गॅरेजवाल्याला ‘लाइव्ह डेटा दाखव’ म्हणावं. टर्बोच्या बाजूच्या पहिल्या सेन्सरसाठी पी ०५४४, ०५४५, ०५४६ हे कोड येतात, दुसऱ्यासाठी पी २०३१, २०३२, २०३३. प्रत्येक त्रिकुटातला पहिला सर्किटमध्ये बिघाड एवढंच सांगतो, दुसरा सिग्नल फार खाली गेल्याचं आणि तिसरा फार वर गेल्याचं. कोड लिहून ठेवा. लगेच पुसू नका, नाहीतर हातातला पुरावा जातो.

आता सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी चालू न करता नुसती चावी फिरवा आणि लाइव्ह डेटा बघा. इंजिन पूर्ण गार आहे, तेव्हा धुराचे सगळे सेन्सर, कूलंटचा सेन्सर आणि हवेचा सेन्सर एकमेकांच्या आसपास असायला हवेत. जानेवारीत सगळे १२-१५ दाखवतील, मे महिन्यात तीस. एखादाच शेकड्याने पुढे किंवा शून्याच्या बराच खाली असेल तर गुन्हेगाराची जागा सापडली. मात्र काही गाड्यांत सेन्सर बंद पडला की ईसीयू स्वतःच्या मनाने एक ठरीव आकडा धरून चालतो. म्हणून आकडा ‘बरोबर’ दिसला तरी इंजिन चालू करून तो हळूहळू चढतो का ते बघा. जागचा हलत नसेल तर तो सेन्सरचा आकडा नव्हेच. टर्बोजवळचा झपाट्याने चढतो, गाळणीमागचा रमतगमत, हे स्वाभाविक आहे.

मग मल्टिमीटर. चावी बंद, संशयित सेन्सरची वायर धरून कपलरपर्यंत या. बहुधा तो गरम भागापासून हातभर लांब, बॉडीला क्लिप केलेला असतो. धुराच्या तापमान सेन्सरला साधारणपणे दोनच वायरी असतात. चार वायरींचा दिसला तर तो बहुधा ऑक्सिजन सेन्सर आहे. दोन रबरी नळ्या जोडलेला असेल तर तो गाळणीचा दाब मोजणारा. चुकीचा भाग काढून बसू नका. कपलरची कडी दाबून तो सरळ ओढा, वायरीला धरून ओढू नका.

सेन्सरच्या बाजूच्या दोन पिनांवर मीटर लावा, ओहमवर. बऱ्याच गाड्यांत पीटी-२०० जातीचा प्लॅटिनम सेन्सर असतो. शून्य अंशाला तो २०० ओहम दाखवतो आणि पुढे अंशामागे पाऊण ओहमच्या आसपास वाढतो. म्हणजे २५ अंशांना साधारण २२०, आणि जळगावच्या ४२ अंशांच्या दुपारी २३२ च्या घरात. हा हिशेब जुळला तर सेन्सरच्या नावाने बोटं मोडणं थांबवा, दोष बहुतेक वायरिंगमध्ये आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट तुटलेलं असेल, किंवा शून्याजवळ अडकला असेल, तर सेन्सर गेला. इथे एक धोक्याचं वळण आहे. काही गाड्यांत उलट्या जातीचा, एनटीसी सेन्सर असतो. तो थंड असताना इतका जास्त रोध दाखवतो की साध्या मीटरला सर्किट तुटल्यासारखंच वाटतं, आणि तापला की आकडा उतरतो. तेव्हा आपल्या गाडीत कुठली जात आहे हे पार्ट नंबरवरून किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी पक्कं करा, मगच निकाल द्या. वायरीवरच छोटी इलेक्ट्रॉनिक डबी असलेले थर्मोकपल जातीचे सेन्सर असतील तर ही ओहमची परीक्षा त्यांना लागूच पडत नाही, तिथे स्कॅनरचाच आधार.

याच मीटरने आणखी एक बघून घ्या: एकेक पिन आणि सेन्सरचं धातूचं अंग यांच्यात जोड दाखवत असेल तर आतलं इन्सुलेशन गेलं आहे. असा सेन्सर थंडीत बरा वागतो आणि गरम झाला की भलते आकडे देतो.

सेन्सर काढलेलाच असेल तर स्वयंपाकघरातली परीक्षा सर्वांत खात्रीची. पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, सेन्सरची फक्त टोकाची नळी पाण्यात धरा, वायर आणि कपलर कोरडे. पीटी-२०० असेल तर मीटर दोनशे-वीसतीसवरून सरसर चढत २७५ च्या आसपास येऊन थांबला पाहिजे. अडखळत, उड्या मारत गेला किंवा वायर हलवल्यावर आकडा नाचला, तर आतला जोड सुटत चालला आहे. टोकावर काजळीची साय जमली असेल तर सेन्सर उशिरा बोलतो. मऊ नायलॉनच्या ब्रशने आणि फडक्याने ती हलकेच पुसा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चाकू यातलं काही नको. ते पातेलं मात्र परत स्वयंपाकाला वापरू नका.

सेन्सर चांगला निघाला तर गाडीच्या बाजूच्या कपलरकडे वळा. चावी फिरवून त्या दोन पिनांत व्होल्टेज मोजलं तर पीटी-२०० किंवा एनटीसीला सहसा पाचाच्या जवळ दिसतं. काहीच नसेल तर ईसीयूपासून इथपर्यंत वायर कुठेतरी तुटली आहे. मोजताना मीटरची जाड सळई खाचेत कोंबू नका. खाच रुंदावते आणि आज नसलेला लूज कॉन्टॅक्ट उद्या तुम्हीच तयार करता. बारीक टाचणी खाचेत अलगद सरकवून तिला मीटर लावा, दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. माहीतगार मेकॅनिक आणखी एक करतो: पीटी-२०० च्या जागी २२० ओहमचा रेझिस्टर क्षणभर लावून स्कॅनरवर बघतो. पंचवीसच्या आसपास तापमान दिसलं तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष.

कपलर साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे वापरा, पेट्रोल किंवा रॉकेल नाही. वाळलेली माती लाकडी काडीने कोरून काढा, स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या. हिरवट झालेली पिन नीट चमकेपर्यंत दोन-तीनदा स्प्रे आणि मऊ ब्रश. कपलर पुन्हा बसवताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. कडी मोडली असेल तर दोरा-चिकटपट्टीवर भागवू नका, नवीन कपलर वायरीच्या तुकड्यासकट मिळतो.

उंदराने कुरतडलेली वायर जोडताना ती कुठे तुटली आहे याला फार महत्त्व आहे. कपलरच्या पलीकडे, ईसीयूच्या बाजूला असेल तर नेहमीसारखं सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवता येते. मात्र सेन्सर आणि कपलर यांच्यामधली, काचेच्या धाग्याचं वेष्टन असलेली वायर घरी जोडू नये. तिथल्या उष्णतेत साधं सोल्डर मऊ पडतं, काळी टेप वितळते आणि दोन महिन्यांनी तोच कोड परत येतो. वायर परत बांधताना कंपनीने दिलेल्या क्लिपांतूनच न्या. पाइपला टेकली तर जळणारच.

सेन्सर बदलायचाच असेल तर आधी जुन्यावरचा पार्ट नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि चॅसिस नंबर दाखवूनच नवा मागा. एकाच गाडीतले पुढचा आणि मागचा सेन्सर दिसायला सारखे असले तरी नळीची लांबी, वाक आणि कपलर वेगळे असतात. पक्कं बिल घ्या. नवा सेन्सर हातातून फरशीवर पडला तर वरून धड दिसला तरी आतून फुटलेला असू शकतो, म्हणून शेवटपर्यंत खोक्यातच ठेवा.

जुना काढणं हे या कामातलं सर्वांत अवघड. वर्षानुवर्षं तापून आटे जाम झालेले असतात. आदल्या संध्याकाळी गार पाइपवर आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. दुतर्फा उघडा पाना नटाचे कोपरे खातो, म्हणून वायर बाहेर काढायला खाच असलेली सेन्सरची गोटी किंवा खाचेचा रिंग पाना घ्या. एकदम जोर न करता थोडं सोडा, थोडं आवळा, पुन्हा सोडा. किरकिर करत अडला आणि हातभर नळी लावून जोर करावासा वाटला, तर तिथेच थांबा. गाळणीच्या डब्यावरचे आटे निघाले तर सेन्सरऐवजी डब्याचाच खर्च येतो. असं अडलेलं काम गॅरेजवाल्याकडे सोपवण्यात काही कमीपणा नाही.

नवा बसवताना आटे आधी हातानेच फिरले पाहिजेत. आट्यांवर उच्च तापमानाचं अँटी-सीझ, तेही नव्या सेन्सरवर कंपनीने लावलेलं नसेल तरच, आणि टोकाला त्याचा थेंबही लागता कामा नये. आवळायचा जोर बऱ्याच गाड्यांत ३० ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. नटासोबत वायर पीळ खात नाही ना, यावर डोळा ठेवा.

आता त्या रेझिस्टरबद्दल. निदानासाठी क्षणभर लावायचा तो कायमचाच लावून ‘दिवा घालवून देतो’ म्हणणारे भेटतात, आणि डीपीएफ कापून आतून रिकामी नळी करून देणारेही. कृपा करून यातलं काही करू नका. रेझिस्टर लावला की ईसीयूला धूर कायम थंड दिसतो. तो एकतर नवा कोड टाकतो, नाहीतर जाळ वाढवत नेतो. गाडी पेटण्यापर्यंतचा हा धोका खरा आहे. गाळणी काढणं हा मूळ रचनेत केलेला फेरफार आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला तो मान्य नाही. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारण्यासाठी महाराष्ट्रातली जी शहरं निवडली, त्यांत जळगाव आहे. ती काजळी आपल्याच मुलांच्या छातीत जाते, हे मला मनापासून बोचतं.

काम झालं की कोड पुसा. काही गाड्यांत नव्या सेन्सरची नोंद स्कॅनरनेच करावी लागते, तेवढ्यासाठी गॅरेजात जावं लागेल. दिवा बरेच दिवस लागलेला असेल तर गाळणीत काजळी भरलेली असणार. ती किती आहे हे स्कॅनरवर दिसतं, फार असेल तर गॅरेजातच रिजनरेशन करवून घ्या. थोडी असेल तर गाडीला एक सलग धाव द्या. धुळेकरांना सोनगीर-नरडाणामार्गे शिरपूर, जळगावकरांना भुसावळ आणि परत. वीस-तीस मिनिटं, साठ-ऐंशीच्या वेगात, न थांबता. ज्यांची गाडी दिवसभर बाजारपेठेतच दोन-दोन किलोमीटर फिरते, त्यांनी अशी धाव अधूनमधून द्यायलाच हवी, कारण इतक्या कमी अंतरात धूर तापतच नाही. थांबल्यावर पंखा मोठ्याने फिरत असेल, इंजिनाचा आयडल थोडा चढलेला असेल, तापल्याचा वास येत असेल, तर रिजनरेशन चालू आहे. गाडी लगेच बंद करू नका, पूर्ण होऊ द्या. आणि त्या वेळी गाडी शेताच्या बांधावर, वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभी करू नका. खालचा पाइप तेव्हा पाला-पाचोळ्याला सहज पेट देण्याइतका तापलेला असतो.

तोच कोड आठवड्याभरात परत आला तर पुन्हा सेन्सर विकत घेऊ नका. सकाळचं गार तापमान, मीटरवरचे ओहम, कपलरचं व्होल्टेज हे सगळं एका कागदावर लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्या आणि सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वायर तपासायला सांगा.